डाव्या गुडघ्याशी

ऊठ म्हणत नाही तुला.
पडून राहा. गोठलेला कॉड टॉवेलात गुंडाळून
तुझ्यावर ठेवलाय, फॅक्टरीतून आणला,
सकाळपाळीच्या मुकादमाला सांगून.
बर्फाचे पैसे वाचले. रात्री हाच तळू.

लोक म्हणायचे, याची अक्कल गुडघ्यात.
खरंय. शाळा सहावीपर्यंत,
बाकी जे कळलं ते तुझ्याकडूनच:
कोण आत वळणार, कोण नुसता खांदा पाडणार,
कुठल्या क्लबचा मालक
हात मिळवताना खाली बघतो.

एकोणिसाव्या वर्षी तुलाच बाशिंग बांधून निघालो.
वाल्देसी म्हणाला होता, पोर्तुगाल.
विमान उतरलं मोल्दोव्यात.
बेल्त्सीच्या स्टेशनावर उणे चौदा,
माझ्या पायात चपला,
आणि वाल्देसीचा फोन तेव्हापासून बंद.
एकदा पगाराऐवजी कांद्याची पोती आली.
गोलकीपर द्रागोल्यूब आणि मी
बाजारात गोणपाट पसरून बसलो,
भाव बोटांवर.
संध्याकाळपर्यंत एक कांदा उरला नाही.
त्या हंगामातली माझी
सगळ्यात चांगली कामगिरी तीच.

पुढे नाव झिजत गेलं.
लात्वियात जर्सीवर झोझेनिल्दू,
अल्बेनियात त्याला शेपूट फुटलं, जोझेनिल्दोया,
हायफोंगला नुसतं निन.
इथं, या बेटावर, तेही नाही.
‘ब्राझील, पेटी उचल.’
‘ब्राझील, दार लाव, वारा येतोय.’
अख्खा देश माझ्या नावावर,
आणि रिओ मी अजून पाहिलेलं नाही.

कोर्चात तू तुटलास.
कुणी धक्काही दिला नव्हता. वळलो, इतकंच.
आवाज मला ओळखीचा वाटला:
बाकाबालला आई कुऱ्हाडीचा दांडा
गुडघ्याखाली दाबून बसते, पातं वर,
पात्यावर बाबासूचं फळ धरते
आणि सोट्यानं हाणते.
अगदी तसा.
दिवसाला पाच किलो गर, चाळीस वर्षं,
तिचा गुडघा कधी हलला नाही.
तिला फोनवर सांगितलं, मुरगळलाय.
ती म्हणाली, शेक.
नऊ महिने शेकला.

टेकलास तू दोनदाच.
एकदा तेव्हा, आणि एकदा हायफोंगला,
शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्यात गेला
आणि आपण दोघं गवतावर घसरत गेलो.
दोन्ही वेळा फोटो निघाले.
पेपरात कुठला छापून आला
ते तुला माहीत आहे.

उद्या शेजारच्या बेटाशी सामना.
कोच पोरगेलासा, सुतारकाम करतो,
म्हणाला, बेंचवर बस, लागलास तर सांगेन.
लागणार नाही मी.
बूट तरी पुसून ठेवले,
सवय,
आणि रायानेला मेसेज टाकला की खेळतोय.
ती विचारेल, कितव्या नंबरची जर्सी.
तिच्याकडे अकरा आहेत, नऊ क्लबांच्या,
एकही तिच्या मापाची नाही.

दार वाजलं बघ.
हानुस असणार. टोपी हातात, लोकरीला माशाचा वास.
त्याला सामन्याचं काही नाही.
गेल्या नोव्हेंबरात रेडिओ म्हणत होता, आकाश निरभ्र,
आणि तू रात्रभर ठणकत होतास.
मी सहज बोललो. त्यानं होडी काढली नाही.
पलीकडच्यानं काढली,
तिची एक फळी दोन दिवसांनी किनाऱ्याला लागली,
माणूस तिसऱ्या दिवशी, जिवंत, पण बोलेना.
तेव्हापासून तीन घरं विचारायला येतात.

सतरा वर्षं तुला सगळ्यांनी दाबून पाहिलं,
वाकवून, सरळ करून, दिव्यापुढे धरून.
एकच प्रश्न: अजून किती चालेल?
तुझं मत कुणी विचारलं नव्हतं.

‘ब्राझील, उद्या जाऊ का?’
कॉड बाजूला ठेवतो. तळहात ठेवतो तुझ्यावर.
घाई नाही.
सांग बाबा,
तो उभा आहे.